आकडा राजाचा, आकडा रयतेचा

म्हैसूरच्या सरकारी प्राच्य ग्रंथालयात १९०५ साली तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने ताडपत्रांची एक पोथी आणून दिली. ग्रंथलिपीत लिहिलेली ती पोथी ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी वाचून पाहिली, तेव्हा ज्या ग्रंथाचे उल्लेख आणि तुरळक अवतरणे इतर ग्रंथकारांच्या लेखनातून शतकानुशतके आढळत होती, पण जो सबंध कोणाच्याच पाहण्यात नव्हता, तो कौटिल्याचा अर्थशास्त्र हा ग्रंथ आपल्या हाती आला आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. १९०९ साली त्यांनी मूळ संस्कृत संहिता म्हैसुरातूनच प्रसिद्ध केली, १९१५ साली तिचे इंग्रजी भाषांतर ग्रंथरूपाने आले, आणि पुढे १९६० ते १९६५ या काळात मुंबई विद्यापीठाच्या वतीने र. पं. कंगले यांनी तिची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. अर्थशास्त्र म्हटले की सामान्य वाचकाच्या मनात हेर, विषप्रयोग आणि युद्धनीती उभी राहते. परंतु राज्याने प्रजेची गणना कशी करावी, ती कोणाकडून करवावी आणि तिचा पडताळा कसा घ्यावा, याचे या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात जे विवेचन आले आहे, ते आजच्या सांख्यिकी खात्यातील कोणाही जाणत्या अधिकाऱ्याला थक्क करील असे आहे.

कौटिल्याचा समाहर्ता, म्हणजे महसुलाचा प्रमुख अधिकारी, जनपदाचे चार भाग पाडतो. गावांची उत्तम, मध्यम, कनिष्ठ अशी प्रतवारी करतो. पाच किंवा दहा गावांमागे एक गोप आणि चतुर्थांश जनपदावर एक स्थानिक नेमतो. या गोपाने गावाच्या सीमा, नांगरलेली आणि पडीक जमीन, बागा, देवळे, पाणवठे, रस्ते यांची नोंद ठेवायची, घरे मोजायची, त्यांत शेतकरी किती, गुराखी किती, व्यापारी, कारागीर, मजूर आणि दास किती, द्विपाद किती आणि चतुष्पाद किती, हे लिहायचे, आणि एवढ्यावर न थांबता प्रत्येक कुळातील स्त्री-पुरुष, बाल-वृद्ध, त्यांचा व्यवसाय, वर्तन, आय आणि व्यय हेही टिपायचे. गोपाने लिहिलेले खरे की खोटे, हे पाहण्यासाठी गृहस्थाच्या वेषातील हेर त्याच गावांत पाठवून तीच मोजणी गुप्तपणे पुन्हा करवायची. अक्षपटल नावाच्या हिशेबकचेरीत सर्व खात्यांचे हिशेब आषाढात दाखल झाले पाहिजेत, असा दंडक आहे आणि विलंब करणाऱ्याला दंडही सांगितला आहे.

मोजणी आहे, वर्गीकरण आहे, स्वतंत्र पडताळा आहे, मुदत आहे. उत्तम सांख्यिकी व्यवस्थेला लागणारे जवळजवळ सर्व काही आहे. नाही ती एकच गोष्ट: ज्यांची मोजणी झाली, त्यांना तिचा निष्कर्ष कधी कळवावा, याची तरतूद. त्या राज्यात प्रजेचे प्रत्येक घर राजाला उघडे होते आणि सर्व घरांची मिळून होणारी बेरीज मात्र प्रजेला बंद होती. आधुनिक लोकशाही राज्याच्या सांख्यिकीचे तत्त्व याच्या बरोबर उलट आहे, किंवा निदान असावयास हवे: घर बंद, बेरीज उघडी. एकेका माणसाने गणकाला सांगितलेली माहिती गुप्त राहावी, म्हणून १९४८ च्या जनगणना कायद्याने वैयक्तिक नोंदी कोणाच्याही पाहणीसाठी, एवढेच नव्हे तर न्यायालयात पुराव्यासाठीही खुल्या होणार नाहीत, असे ठरवून टाकले. आणि त्याच नोंदींची बेरीज मात्र छापून सर्वांसमोर ठेवण्याची परंपरा राखली गेली. राजाचा आकडा रयतेचा आकडा कसा होत गेला, हे ज्याला एका भूमीवर उभे राहून पाहावयाचे असेल, त्याला म्हैसूरइतके सोयीचे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल.

अठराव्या शतकाच्या अखेरीस म्हैसूरच्या गावागावांत हिशेब ठेवणारा होता तो शानभोग, म्हणजे आपल्याकडच्या कुलकर्ण्याच्या जागी असलेला वतनदार. त्याच्या दफ्तराचे साधन मोठे विलक्षण होते. फूटभर रुंदीची आणि बारापंधरा फूट लांबीची कापडाची पट्टी घेऊन तिला खळ आणि कोळशाची पूड यांचा लेप द्यायचा, ती वाळली की घडीच्या पडद्याप्रमाणे उलटसुलट दुमडून तिची वही करायची आणि त्या काळ्या पृष्ठावर बळप नावाच्या मऊ पांढऱ्या दगडाच्या लेखणीने लिहायचे. हिला कडत म्हणत. इंग्रज रेसिडेंट मार्क विल्क्स याने या वहीचे बारकाईने वर्णन केले आहे. ती टिकाऊ होती, ओल्या फडक्याने पुसता येत होती आणि पुसलेल्या जागी पुन्हा लिहिता येत होते. शानभोगाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि जी वही एकाच घरात राहते, एकाच हाताने लिहिली जाते आणि पुसल्याचा मागमूस ठेवत नाही, तिच्यातील आकडा हा शेवटी लिहिणाऱ्याच्या शब्दाइतकाच खरा असतो, हेही तितकेच स्पष्ट आहे.

गावच्या कडतांवरून तालुक्याची जमाबंदी आणि तालुक्यांवरून हुजूर कचेरीचा ताळेबंद तयार होई. या वरच्या कचेऱ्यांत कन्नडच्या जोडीला मराठीचाही वापर होता. हिशेब आणि पत्रव्यवहार यांत मुरलेली देशस्थ कारकून मंडळी म्हैसूरच्या राज्यकारभारात हैदरअलीच्या आधीपासून थेट इंग्रजी अंमलाच्या काळापर्यंत दिसतात. टिपू सुलतानाच्या पदरी हिशेबाचा कारभार पाहिलेला पूर्णय्या हा १७९९ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडल्यावर नव्या राजाच्या बाल्यावस्थेत दिवाण झाला आणि १८११ पर्यंत त्या पदावर राहिला. राज्य बदलले, राजघराणे बदलले, पण हिशेब जाणणारा माणूस तोच राहिला, यावरून माहिती ज्याच्या हाती असते त्याची सत्ता किती चिवट असते, हे ध्यानात यावे.

विजेत्यांना हे ठाऊक होते. लॉर्ड वेलस्लीच्या आज्ञेवरून फ्रान्सिस बुकानन १८०० साली मद्रासहून निघाला आणि म्हैसूर, कानडा, मलबार हे मुलूख पायाखाली घालून जमिनीची प्रत, बियाण्याचे प्रमाण, नांगराची घडण, मजुरीचे दर इथपर्यंतचा तपशील त्याने टिपून घेतला. कॉलिन मॅकेन्झीने सर्वेक्षणाची साखळी घेऊन राज्याचा नकाशा केला. आणि विल्क्सने पूर्णय्याच्या दफ्तरातील हिशेबांच्या आधारे राज्याच्या अंतर्गत कारभाराचा, साधनसंपत्तीचा आणि खर्चाचा अहवाल रचला, तो १८०५ साली कलकत्त्यास छापला गेला. छापला गेला खरा. पण तो कंपनीच्या अधिकाऱ्यांनी अधिकाऱ्यांसाठी छापला होता. ज्या रयतेच्या नांगरांची आणि बियाण्यांची त्या ग्रंथांतून गणती होती, तिच्यापर्यंत त्यातील एक ओळही पोहोचावी, असे कोणाला वाटले नाही. आकडा राजवाड्यातून निघून छापखान्यापर्यंत आला होता, एवढाच काय तो फरक.

पुढचे पाऊल पडायला एक मोठे संकट कारण झाले. १८७६ ते १८७८ या वर्षांतील दुष्काळाने दख्खन आणि दक्षिण हिंदुस्थान होरपळून निघाला. म्हैसूर संस्थानात १८७१ च्या खानेसुमारीत ५०,५५,४१२ माणसे मोजली गेली होती. १८८१ च्या फेब्रुवारीत सबंध देशात एकाच वेळी जी खानेसुमारी झाली, तीत म्हैसूरची लोकसंख्या ४१,८६,१८८ भरली. दहा वर्षांत लोकसंख्या स्वाभाविकपणे जितकी वाढावी, ती वाढ हिशेबात न धरताही शेकडा सतरा माणसे कमी झाली होती. एखाद्या गावात किती चुली विझल्या, हे त्या गावाला कोणी सांगावे लागत नाही. पण सबंध राज्यावर ओढवलेल्या आपत्तीचा आकार कोणा एका गावाला, कोणा एका अधिकाऱ्याला, राजालाही दिसू शकत नाही, तो केवळ बेरजेतच दिसतो. मनुष्यहानीच्या जोडीला राज्यावर दुष्काळनिवारणाच्या खर्चाचेही ओझे होते: खजिन्यातील शिल्लक संपून हिंदुस्थान सरकारचे ८० लक्ष रुपयांचे कर्ज संस्थानावर झाले होते.

अशा अवस्थेतील राज्य २५ मार्च १८८१ रोजी पन्नास वर्षांच्या इंग्रजी अंमलानंतर महाराजा चामराजेंद्र वडियार यांच्या स्वाधीन करण्यात आले आणि सी. रंगाचार्लू दिवाण झाले. रिकामा खजिना आणि कर्जाचा डोंगर घेऊन कारभाराला आरंभ करणाऱ्या दिवाणाने आपला ताळेबंद झाकून ठेवला असता, तर त्या काळाच्या रीतीप्रमाणे त्याला कोणी दोष दिला नसता. रंगाचार्लूंनी नेमके उलट केले. ऑगस्ट १८८१ मध्ये निघालेल्या हुकुमात असे सांगण्यात आले की, सरकारच्या योजनांचे हेतू आणि परिणाम लोकांच्या प्रतिनिधींना समजावून सांगितले आणि त्यांची मते जाणून घेतली, तर राज्यकारभार लोकांच्या इच्छेशी आणि हिताशी अधिक सुसंगत होईल. यासाठी तालुक्यातालुक्यांतून जाणते जमीनदार शेतकरी आणि व्यापारी निवडून दसऱ्याच्या उत्सवाला म्हैसुरास बोलवावे. ७ ऑक्टोबर १८८१ रोजी ही प्रतिनिधी सभा प्रथम भरली आणि तिला १४४ प्रतिनिधी हजर राहिले. एतद्देशीय संस्थानांत अशा स्वरूपाची ही पहिलीच सभा.

त्या सभेला कायदे करण्याचा अधिकार नव्हता, अंदाजपत्रकावर मत देण्याचा नव्हता, दिवाणाला पदच्युत करण्याचा तर नव्हताच. तिच्यासमोर दिवाण वर्षाचा वृत्तांत वाचीत: जमा किती, खर्च किती, पाऊस कसा झाला, रेल्वे कुठवर आली, पाटबंधाऱ्यांवर काय झाले, आणि मग प्रतिनिधी आपापल्या तालुक्याची गाऱ्हाणी मांडीत. एवढ्या तुटपुंज्या अधिकारांची सभा म्हणजे केवळ दसऱ्याच्या थाटातील एक समारंभ होता, असे म्हणण्याचा मोह होईल. परंतु त्या दरबारी समारंभाच्या पोटात एक अपूर्व गोष्ट घडत होती. तळकाडचा किंवा नंजनगूडचा शेतकरी आपल्या तालुक्याची स्थिती डोळ्यांनी पाहून आलेला असे, आणि दिवाणाच्या मुखातून त्याच स्थितीविषयीचा सरकारी आकडा त्याच्या कानी पडे. दोहोंत मेळ नसला तर ते दाखवून देण्याची जागा त्याच सभागृहात, त्याच सप्ताहात त्याला उपलब्ध होती. कौटिल्याने गोपाची मोजणी तपासण्यासाठी वेष पालटलेला हेर धाडला होता. रंगाचार्लूंनी हे काम उघडपणे रयतेच्या स्वाधीन केले. तपासणारा माणूस तोच असावा की ज्याच्यावर आकड्याचा परिणाम होणार आहे, हे त्यातील मर्म होय.

रंगाचार्लू १८८३ च्या आरंभीच निवर्तले. पण दिवाणाने दसऱ्याला वृत्तांत द्यायचा हा शिरस्ता शेषाद्री अय्यर यांच्या दीर्घ कारकीर्दीत टिकला, व्ही. पी. माधवराव आणि टी. आनंदराव या तंजावरकडील मराठी घराण्यांतील दिवाणांनी तो पाळला, आणि ही सर्व भाषणे पुढे संग्रहरूपाने छापून निघाली. १८८१ पासूनचा म्हैसूरचा आर्थिक इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला ती आज प्रथम उघडावी लागतात.

आता प्रश्न असा की, आकडा लोकांसमोर आल्याने नेमके काय होते. याचे उत्तर त्याच काळात मुंबई इलाख्यातील काही माणसांनी आपल्या परिश्रमाने देऊन ठेवले आहे.

दादाभाई नौरोजींनी १८७६ साली हिंदी दारिद्र्यावरील आपल्या निबंधात हिंदुस्थानचे दरडोई वार्षिक उत्पन्न वीस रुपये ठरवले, ते कोणत्याही गुप्त कागदपत्रांवरून नव्हे. इलाख्याइलाख्यांच्या छापील कारभार-अहवालांवरूनच त्यांनी हा हिशेब मांडला. तो मांडत असता सरकारी सरासरी काढण्याची रीतच चुकीची आहे, हे त्यांच्या दृष्टीस आले. समजा, एका तालुक्यात एक लाख एकर कोरडवाहू जमीन असून दर एकरी चार मण धान्य पिकते आणि शेजारच्या तालुक्यात दहा हजार एकर बागायतीत दर एकरी बारा मण पिकते. चार आणि बारा यांची बेरीज करून दोहोंनी भागले, तर सरासरी आठ मण येते, आणि अहवालात तीच छापली जाई. खरे पाहता एकूण धान्य पाच लाख वीस हजार मण आणि एकूण जमीन एक लाख दहा हजार एकर, म्हणजे सरासरी पावणेपाच मणांच्या आसपास. कागदावरच्या या एका चुकीने शेतकरी जवळजवळ पावणेदोन पट सधन ठरतो, आणि सधन ठरला की त्याच्यावर वाढीव सारा बसवणे न्याय्य ठरते. ही चूक कोणा कारकुनाने दुष्ट बुद्धीने केली नव्हती. ती कोणाच्या लक्षात आली नव्हती, इतकेच. आणि ती दादाभाईंच्या लक्षात आली याचे कारण, बेरजेच्या मागचे जिल्हावार आकडेही छापलेले होते. केवळ आठ मण हा निष्कर्ष छापून मागचे कोष्टक दडवले असते, तर त्या चुकीला आव्हान देण्याची शक्ती कोणातच राहिली नसती.

पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७६ ते १८७८ च्या त्याच दुष्काळात आणखी एक पाऊल टाकले. तिने आपली माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवून पिकांची, बाजारभावांची आणि दुष्काळी कामांवरील मजुरांच्या हालांची माहिती मिळवली आणि वेळोवेळी मुंबई सरकारला सादर केली. न्यायमूर्ती रानड्यांच्या सान्निध्यात वाढलेल्या या अभ्यासाच्या परंपरेतील सर्वांत मोठे, पण आज जवळजवळ विस्मृतीत गेलेले नाव म्हणजे गणेश व्यंकटेश जोशी. शिक्षण खात्यातील नोकरी सांभाळून या शाळामास्तराने सरकारी निळी पुस्तके, अंदाजपत्रके आणि व्यापाराची कोष्टके वर्षानुवर्षे वाचली आणि त्यांतून देशाच्या अर्थस्थितीचा असा व्यासंग सिद्ध केला की, गोपाळ कृष्ण गोखले १८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास विलायतेला गेले, तेव्हा त्यांच्या तयारीमागे रानड्यांबरोबर जोशीही उभे होते. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या विधिमंडळात गोखल्यांनी अंदाजपत्रकावरील आपले पहिले भाषण केले आणि सरकार ज्या शिल्लकेचा अभिमान मिरवत होते, ती लोकांच्या समृद्धीची खूण नसून करांच्या अतिरेकाची आणि रुपयाच्या चढवलेल्या भावाची निष्पत्ती आहे, हे सरकारच्याच आकड्यांवरून मांडले. मिठावरील कर १९०३ मध्ये मणाला अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर, १९०५ मध्ये दीडवर आणि १९०७ मध्ये एका रुपयावर आला. हे एकट्या गोखल्यांच्या वाणीचे फळ होते, असे म्हणता येणार नाही; पण त्या वाणीला सरकारने कान दिला, याचे मोठे कारण असे की, तिच्यातील एकही आकडा सरकारला नाकारता येण्याजोगा नव्हता.

पुण्याची ही शिस्त म्हैसूरला नेणारा पुरुषही इतिहासाने योजून ठेवला होता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकले, १८८४ पासून मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांनी सेवा केली, रानडे आणि गोखले यांच्या वर्तुळात ते वावरले, आणि १९०९ साली म्हैसूरचे मुख्य अभियंता म्हणून परतले. त्यांच्या प्रेरणेने १९११ साली महाराजा कृष्णराज वडियार यांनी म्हैसूर आर्थिक परिषद स्थापन केली; शिक्षण, शेती आणि उद्योग-व्यापार या तीन विषयांच्या समित्यांनी राज्याची स्थिती मोजून लोकांसमोर मांडावी आणि बिगरसरकारी माणसांनी तिच्यावर सरकारी अधिकाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून चर्चा करावी, अशी तिची कल्पना होती. १९१२ ते १९१८ या दिवाणगिरीच्या काळात, आणि पुढे १९३४ साली हिंदुस्थानच्या नियोजित अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिताना, विश्वेश्वरय्यांनी एका सूत्राचा पाठपुरावा केला: ज्या देशाला स्वतःचे मोजमाप ठाऊक नाही, तो देश योजना करू शकत नाही.

मोजमापाचा उपयोग मोजणाऱ्याला ठाऊक असतोच असे नाही, हेही म्हैसूरनेच दाखवले. येथील होल्ड्सवर्थ या मिशनरी रुग्णालयात १९३४ पासून जन्मलेल्या अर्भकांचे वजन, लांबी आणि डोक्याचा घेर सुइणी आणि परिचारिका नोंदवहीत लिहून ठेवीत. अर्धशतक उलटल्यावर इंग्लंडातील आणि भारतातील संशोधकांनी त्या नोंदींवरून मध्यम वयाला पोहोचलेल्या त्या मुलामुलींचा शोध घेतला. आणि जन्मतः ज्यांचे वजन कमी होते, त्यांच्यात पुढे हृदयरोगाचे प्रमाण अधिक आढळते, हा निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाला. ती नोंद सरकारी नव्हती. पण तिच्यातील धडा सरकारी दफ्तरालाही लागू आहे. अर्भकाचे वजन लिहिणाऱ्या सुइणीला हृदयरोगाच्या संशोधनाची कल्पना असणे शक्य नव्हते. जपलेल्या आकड्याचा भावी वाचक कोण असेल हे आधी ठरवता येत नाही, म्हणूनच तो अमक्यालाच दाखवावा असे बंधन घालणे शहाणपणाचे नाही.

स्वातंत्र्यानंतर या देशाने सांख्यिकीची जी इमारत उभारली, तिचा जगभर गौरव झाला. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या प्रेरणेने १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. शेतातील पीक प्रत्यक्ष कापून उत्पादनाचा अंदाज बांधण्याची शास्त्रशुद्ध पद्धत रुजवण्यात सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि वि. गो. पानसे या दोन महाराष्ट्रीय संख्याशास्त्रज्ञांचा मोठा वाटा होता. आणि १९७१ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरील आपला विख्यात अभ्यास प्रसिद्ध केला, तो नमुना पाहणीच्या प्रसिद्ध झालेल्या खर्चविषयक आकड्यांच्याच पायावर. दादाभाईंपासून दांडेकरांपर्यंत शंभर वर्षे हा एकच धागा चालत आलेला दिसतो: सरकारने मोजावे, समाजाने ते वाचावे, आणि सरकारला न दिसलेले सत्य समाजाने त्यातून वर काढावे.

आजच्या काळात या धाग्याला कायद्याचा आधार मिळाला आहे. कर्नाटकाने २००० साली आणि महाराष्ट्राने २००२ साली माहितीच्या अधिकाराचे आपापले कायदे केले. २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या चौथ्या कलमाने, कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता माहिती आपण होऊन प्रसिद्ध करणे हे प्रत्येक सरकारी कार्यालयाचे कर्तव्य ठरवले. २०१२ साली केंद्र सरकारने सरकारी आकडेवारी सर्वांना वापरता येईल अशा रूपात खुली करण्याचे धोरण जाहीर केले आणि त्यासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. म्हैसूर जिल्ह्यातील शेतकऱ्याने याचा प्रत्यक्ष अनुभव घेतला तो त्याआधीच, कर्नाटकाच्या भूमी योजनेतून. शानभोगाच्या कडतापासून ग्रामलेखापालाच्या वहीपर्यंत जी नोंद एका माणसाच्या कपाटात राहत आली होती, तिची सुमारे दोन कोटी पहाणी पत्रके, म्हणजे जमिनीचे उतारे, संगणकावर चढली आणि तालुका कचेरीच्या खिडकीवर पंधरा रुपयांत कोणालाही मिळू लागली; महाराष्ट्रातील शेतकऱ्याला सातबारा संगणकावर मिळू लागला, तशीच ही गोष्ट. अर्थात बंगळूरभोवतीच्या जमिनींत या उघड्या नोंदींचा लाभ लहान शेतकऱ्यापेक्षा मोठ्या खरेदीदारांनी अधिक चपळाईने उठवला, असेही अभ्यासकांनी निदर्शनास आणले आहे. उघडे दार सर्वांसाठी उघडे असले, तरी त्यातून जाण्याचे बळ सर्वांत सारखे नसते. यावरचा उपाय दार लावणे हा नसून, दुर्बळाला आकडे वाचण्याचे बळ देणे हा आहे.

या वाटचालीत मागे पडलेली पावलेही नमूद केली पाहिजेत. २०१७-१८ सालची बेरोजगारीविषयक पाहणी वेळेवर प्रसिद्ध झाली नाही, म्हणून राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी जानेवारी २०१९ मध्ये राजीनामे दिले आणि अहवाल मेअखेरीस बाहेर आला. त्याच वर्षाची कुटुंबांच्या उपभोगखर्चाची पाहणी, आकड्यांच्या दर्जाविषयी शंका असल्याचे कारण देऊन, नोव्हेंबर २०१९ मध्ये अप्रकाशित ठेवण्याचा निर्णय झाला. त्यानंतरच्या पाहणीचे निष्कर्ष फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. २०२१ साली व्हावयाची जनगणना लांबली आणि आता तिची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. दर्जाविषयी शंका असणे हे आकडा रोखण्याचे कारण होऊ शकत नाही. शंका असेल तर आकडा प्रसिद्ध करावा, शंकेची कारणे त्याच्याशेजारी छापावीत आणि निर्णय अभ्यासकांवर सोपवावा. दादाभाईंनी सदोष सरासरीचे दुरुस्त सरासरीत रूपांतर केले ते सदोष आकडा छापलेला होता म्हणूनच.

खुलेपणा म्हणजे केवळ एखाद्या कोष्टकाचे छायाचित्र संकेतस्थळावर टांगणे नव्हे. आकडे कोणत्या दिवशी प्रसिद्ध होणार हे वर्षारंभीच जाहीर असावे, म्हणजे गैरसोयीचा आकडा मागे ठेवण्याची सोय कोणत्याही सत्ताधाऱ्याला राहणार नाही. अंतिम टक्केवारीबरोबर तिच्यामागच्या मूळ नोंदी, माणसांची ओळख पटणार नाही अशी काळजी घेऊन, मिळाव्यात. बेरोजगार कोणाला म्हटले, पक्के घर कशाला म्हटले, नमुना कसा निवडला, या व्याख्या आणि रीती आकड्यांसोबत असाव्यात. कारण व्याख्येवाचून आकडा वाचणे म्हणजे परिमाण न सांगता वजन सांगण्यासारखे आहे. ते विनामूल्य असावेत आणि संगणकाला वाचता येतील अशा रूपात असावेत. आणि ते लोकांच्या भाषेत असावेत. महाराष्ट्राचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय राज्याची आर्थिक पाहणी मराठीत काढते आणि जिल्ह्याजिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचनही प्रसिद्ध करते, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु ही पुस्तके किती ग्रामपंचायतींच्या कपाटांत आहेत, किती शाळांत गणिताच्या तासाला उघडली जातात आणि किती वार्ताहर बातमी लिहिण्यापूर्वी ती चाळतात, हा प्रश्न सरकारपेक्षा आपल्याला अधिक लागू आहे.

भाषेचेच उदाहरण घेऊ. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यातील सीमावादात, १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगापुढे आणि त्यानंतरही, दोन्ही पक्षांनी जनगणनेतील मातृभाषेच्या आकड्यांचा आधार घेतला. निष्कर्ष परस्परविरोधी होते. भावना तीव्र होत्या आणि आहेत. तरीही दोघांच्या हातात एकच कोष्टक होते, आणि म्हणून वाद कोणत्या गावाला घटक धरावे, सलगता कशी मोजावी, अशा विचारांच्या मुद्द्यांवर लढता आला. ज्या समाजात प्रत्येक पक्षाचा आकडा वेगळा असतो, तेथे वाद मुद्द्यांवरून उतरून थेट माणसांवर येतो. सर्वमान्य आकडा वाद मिटवत नाही. तो वादाला सभ्य ठेवतो, आणि लोकशाहीला याहून मोठी सेवा कोणती?

सरकारी आकडा लोकांना द्यावा की न द्यावा, हा प्रश्न अनेकदा सरकारच्या औदार्याचा म्हणून मांडला जातो. तो तसा नाही. शिरगणतीला येणाऱ्या शिक्षिकेला आपल्या घरातील माणसांची नावे, वये, शिक्षण आणि व्यवसाय रयत सांगते तेव्हाच त्या आकड्याची मूळ मालकी सिद्ध होते. सरकार त्याचे विश्वस्त असते आणि विश्वस्ताला हिशेब द्यावाच लागतो. पण मालकीहूनही बलवत्तर असे दुसरे कारण आहे, ते म्हणजे सत्याचे. मोजणी प्रश्नावलीने सुरू होते, गावोगावच्या फेरीने पुढे जाते आणि कोष्टकात उतरते. तरी ती तेथे पूर्ण होत नाही. ज्याच्या शेताची, घराची आणि लेकराची ती मोजणी आहे, त्याने ती वाचून, हे माझ्या गावाला जुळते किंवा जुळत नाही, असे म्हणण्याची संधी मिळेपर्यंत कोष्टकातील प्रत्येक आकडा हा केवळ एक अंदाज असतो. प्रकाशन हा मोजणीचाच शेवटचा टप्पा आहे; तो गाळून केलेली मोजणी कितीही कसोशीने केलेली असली, तरी अपुरीच राहते.